बेटावरची कढई

भूगोलाच्या सरांनी एका परदेशी मासिकात चित्रं पाहिली आणि आमच्यामागं बेट लागलं.

कॉलेजच्या वाचनालयाला कुणीतरी दान दिलेल्या रद्दीत ते मासिक आलं होतं. त्यात कॅरिबियन समुद्रातली बेटं होती, वाकडी नारळाची झाडं होती आणि गोरीगोमटी पोरंपोरी होती. ही मंडळी म्हणे घोळक्यानं तिथं जातात, शाळेच्या भिंती रंगवतात, वादळात पडलेली घरं उभी करतात, आणि उरलेल्या वेळात होड्या वल्हवतात, पाण्यात सूर मारतात. सेवाही आणि साहसही. सरांनी मासिक वर्गात फिरवलं. पोट्ट्यांनी सेवेचं पान पटकन उलटलं आणि पोहणाऱ्या पोरींच्या पानावर ते मासिक इतका वेळ अडकलं, की सरांना ते जप्त करावं लागलं.

"आपणही जायचं," सर म्हणाले.

"वेस्ट इंडीजले?" मागच्या बाकावरून आवाज आला. आमच्या पोट्ट्यांना त्या मुलखाची ओळख क्रिकेटच्या कॉमेंट्रीपुरती. "सर, एस्टी कुठून भेटते?"

एस्टी आसेगावच्या रस्त्यानं जाणार होती. तेव्हा वाशीम जिल्हा व्हायचा होता, आम्ही अकोल्यात मोडायचो, आणि दुष्काळाच्या कामांतून ठिकठिकाणी नवे तलाव झाले होते. त्यातल्या एका तलावात पाणी चढलं तेव्हा एक टेकडी मध्येच उरली. चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये बोडकी टेकडी. सर म्हणाले, हे बेट. भूगोलाच्या व्याख्येत ते बसत होतं. त्या बेटावर आम्ही श्रमदान करायचं, म्हणजे पावसाळ्यात लावायच्या झाडांसाठी खड्डे खणायचे आणि माती वाहून जाऊ नये म्हणून दगडांचे बांध घालायचे. मुक्काम तलावाकाठच्या गावातल्या शाळेत. मुलांसाठी एक खोली, मुलींसाठी दुसरी, मुलींसोबत सरांच्या घरच्या बाई. नारळ नव्हते, पण पळसाची चार झाडं होती. तेवढं चालवून घ्यायचं.

आता माझ्या घरचं सांगते. माझा बाप मंगरूळकडच्या एका शाळेत शिपाई होता. शाळेची घंटा त्याच्या हातात होती. त्याच्या घंटेवर लोक घड्याळं लावत. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घरात एक नवी रीत आली होती, पोरगं असो की पोरगी, शिकायचं. मी कॉलेजात जाणारी आमच्या वस्तीतली पहिली पोरगी, आणि ते बापाला जितकं मिरवावंसं वाटे तितकीच त्याला त्याची धास्तीही वाटे. कारण माझी आत्या. आत्यानं एक स्थळ आणून ठेवलं होतं. दर पंधरवड्याला ती यायची, चहा प्यायची आणि म्हणायची, "भाऊ, पोट्टी हातची चालली. कालेजात काय शिकवतात कोण जाणे." बाप ऐकून घ्यायचा. बहिणीला गप्प बसवणं त्याला जन्मात जमलं नाही.

शिबिराचं विचारलं तेव्हा तो बराच वेळ तंबाखू मळत बसला.

"पोट्टेही हायेत का तिथी?"

"हाव. कालेजच हाय ना बा, पोट्टे त राहतीनच."

"जाय," तो म्हणाला. "पण आयक. शेवटच्या दिवशी मी तुले न्यायले येतो. उन्हं कलायच्या आत तू धरणाच्या भिंतीवर दिसली पाह्यजे. नाई दिसली, त मी समजीन तुही आत्या खरं बोलून राह्यली होती. मंग कालेज बंद. स्थळाले होकार."

माझा बाप धमक्या देणारा माणूस नव्हता. म्हणूनच मला भीती वाटली. त्यानं घंटा दिली की शाळा सुटायची आणि नाही दिली की नाही सुटायची, असा तो माणूस. मी मान हलवली. उन्हं कलायच्या आत भिंतीवर उभं राहणं, त्यात काय अवघड आहे, असं मला वाटलं. बेटावर जायला होडी असते, असा माझा समज होता.

होडी नव्हती. धरणाच्या चौकीदाराची एक डोंगी होती, ती कधीच कुजून गेलेली. सर भिंतीवर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मासिकातलं चित्र आठवत असावेत असा चेहरा करून पाण्याकडे पाहू लागले. तेव्हा आमच्यातला एक पोट्टा पुढं आला. त्याच्या काकांचा तलावाला लागून मळा होता. वांगी, मिरच्या, थोडा ऊस. आम्ही त्याला मळेवालाच म्हणायचो. तो म्हणाला, "सर, काकाची गुळाची जुनी कढई हाय. तिच्यात जाऊ."

ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे खोटं वाटेल. उसाचा रस आटवायची ती लोखंडी कढई, चांगली अंगणाएवढी पसरट, काठाला धरायला कड्या. आमच्याकडं नाल्याला पूर आला की लोक अशी कढई पाण्यात सोडून पलीकडं जायचे. पाच-सहा जण आरामात बसतात. वल्ही नसतात, पण आमच्याजवळ श्रमदानाची घमेली होती.

पहिल्या खेपेला आम्ही कसे बसलो ते सांगायला हवं. मुली एका बाजूला, मुलं दुसऱ्या बाजूला. मुलांमध्येही पुन्हा जो तो आपल्या जातवाल्याजवळ. कुणी सांगितलं नव्हतं हं. जेवायच्या पंगतीत जसे बसायचो तसेच बसलो, आपोआप. मुलींच्या बाजूला मी आणि माझी मैत्रीण. मैत्रीण अंगानं भरलेली, खळखळून हसणारी, स्वतःच्या वजनाचे विनोद दुसऱ्यांनी करायच्या आत स्वतःच करणारी. समोर तीन काटकुळे पोट्टे, तेही एकमेकांना चिकटून. कढई काठापासून हातभर गेली, आमच्या अंगानं कलली आणि सरांसकट आम्ही सगळे शांतपणे पाण्यात उतरलो. पाणी गुडघ्याएवढंच होतं, पण बसल्या जागी उतरल्यामुळे गळ्यापर्यंत भिजलो.

काठावर मळेवाल्याचा काका पोट धरून हसत होता. "अबे, वजन पाहून बसा! सोयरीक जुळवाची हाय का तुमाले?"

मग वजन पाहून बसलो. मैत्रिणीच्या बरोब्बर समोर मळेवाला, कारण तोच तेवढा भरीव. माझ्याशेजारी एक काटकुळा, त्याच्याशेजारी दुसरी मुलगी. पोरगा-पोरगी, जाड-बारीक, जशी कढईला गरज असेल तसे. कढई स्वतःभोवती गरगर फिरायची, त्यामुळे मधूनच बेट दिसायचं, मधूनच धरण. सर म्हणाले, "हेच ते साहस." त्यांचा चष्मा पाण्यात गेला होता आणि त्यांना नेमकं कोण कुठं आहे हे दिसत नव्हतं, तरी ते आनंदात होते.

पुढचे दिवस मजेत गेले. खोटं कशाला बोलू, इतकी मजा मी आधी केली नव्हती. हाताला फोड आले. टेकडीवर माती म्हणून जी होती ती निव्वळ मुरूम. टिकाव मारला की ठिणगी उडायची. दिवसभर खणून एका खड्ड्यात मांजर लपेल इतकीच जागा व्हायची. मैत्रीण खड्ड्यात उतरून म्हणायची, "सांग वं, कंबरेपोत्तर आलं का?" आणि ते घोट्यापर्यंत आलेलं असायचं.

एकाच गोष्टीचा मला राग यायचा. जेवणाचा. दुपारचा डबा आम्ही गावातून शिजवून बेटावर आणायचो आणि पळसाच्या पत्रावळीवर वाढायचो. कढईत वजन पाहून बसणारे तेच लोक बेटावर उतरले की पुन्हा दोन पंगती करायचे. वाद नाही, भांडण नाही. एक जण इकडं बसला की दुसरा सहज तिकडं. आणि मळेवाला तर कोणत्याच पंगतीत नसायचा. त्याचा डबा काकाच्या घरून यायचा. तो पळसाखाली पाठ करून जेवायचा.

"काहून रे, आमच्यात काहून नाई जेवत?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. मला तोंडावर विचारायची खोड आहे, ती अजून गेली नाही.

"माह्यं पोट नाजूक हाय."

नाजूक! ज्या पोट्ट्यानं एकट्यानं कढई ओढून काठावर घेतली, जो उभ्यानं कच्च्या मिरच्या चावायचा, त्याचं पोट नाजूक. मैत्रीण म्हणाली, "जाऊ दे वं." मी जाऊ दिलं. पण रोज दुपारी त्याची ती पाठ दिसली की मी हातातला घास पत्रावळीवर परत ठेवायची. बाकी तो पोट्टा चांगला होता. माझ्या टिकावाचा दांडा निघाला तर न सांगता ठोकून द्यायचा. त्यामुळे तर जास्तच राग यायचा.

शेवटचा दिवस आला. सरांनी जाहीर केलं की समारोपाचं जेवण बेटावरच शिजवायचं, गरमागरम. रोडगे आणि वांग्याची भाजी. मळेवाल्यानं पोत्यानं वांगी आणली. गोवऱ्या आल्या, कणीक आली, तेल-तिखट आलं, सगळं खेपा करून पोचलं. आणि मग लक्षात आलं की भाजीला भांडं नाही. रोज ज्या गंजात स्वयंपाक व्हायचा तो गावातल्या लग्नाला गेला होता.

पुढं जे घडलं ते कुणी सुचवलं, हे आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही. मीही करणार नाही, कारण ती मी नव्हते. कुणीतरी म्हणालं, "भांडं नाई कसं? ज्याच्यात बसून आलो ते काय हाय?"

बाप्पा! काय आनंद झाला सगळ्यांना. एवढी अक्कल आपल्याला आहे याचं आमचं आम्हालाच कौतुक वाटलं. कढई चार जणांनी वर आणली, राखेनं आणि रेतीनं घासली, तीन मोठ्या दगडांवर चढवली. सरांनीसुद्धा मान डोलावली. कॉलेजात शिकलेली इतकी डोकी तिथं होती आणि एकाच्याही मनात आलं नाही की ही आपली होडी आहे आणि आपण ती चुलीवर ठेवतो आहोत.

भाजी मळेवाला करणार होता. वांगी त्याची, हात त्याचा. त्यानं एका पोत्यातली वांगी चिरून कढईत टाकली. ती कढई म्हणजे रसाच्या कितीतरी घागरी पिणारी. वांगी तिच्यात कुठं गेली ते दिसेना. "तळालेही लागलं नाई," तो म्हणाला, आणि दुसरं पोतं सोडलं. मग कांदे. मग आलू. मग पाणी. बरं, पाणी जास्त झालं म्हणून पुन्हा वांगी. आमच्याकडची बाईमाणसं भांडं पाहून अंदाज घेतात, माणसं मोजत नाहीत. यानं आईला तसंच करताना पाहिलं असणार, पण त्याच्या आईनं कधी गुळाच्या कढईत भाजी केली नव्हती. "भांड्याले शोभन इतकी त पाह्यजे," असं म्हणत तो फावड्यानं ढवळत होता. हो, फावड्यानं. धुतलेल्या.

इतकी भाजी शिजायला वेळ किती लागणार! रोडगे केव्हाचे भाजून झाले आणि वांगी कडकच. सूर्य डोक्यावरून सरकला तेव्हा कुठं पत्रावळी मांडल्या. दोन पंगती बसल्या, नेहमीसारख्या. भाजी मात्र काय झाली होती, अहाहा! तिखटानं कानातून वाफा निघाव्यात अशी. मळेवाला वाढत होता, आग्रह करत होता, त्याचा स्वतःचा डबा पळसाच्या फांदीला टांगलेला. आम्ही पोट फुटेस्तोवर जेवलो. मैत्रिणीनं कंबरेची गाठ सैल केली. सर आडवे झाले.

मी हात धुतले आणि धरणाकडं पाहिलं. भिंतीवर एक सायकल उभी होती. सायकलीजवळ एक पांढरी टोपी.

"माह्या बा आला," मी म्हणाले. "चला, पहिली खेप काढा."

कुणी हललं नाही. सगळ्यांनी एकदम चुलीकडं पाहिलं. चुलीवर आमची होडी होती आणि होडीत पाऊण कढई भाजी होती.

  मला डोळ्यांसमोर आत्या दिसली, चहाची बशी दिसली. "कालेज बंद" हे बापाचे शब्द ऐकू आले. धरण समोर दिसत होतं, बाप दिसत होता, हाक मारली तर अर्धी ऐकू जाईल इतक्या अंतरावर. आणि मध्ये पाणी.

मग सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, घमेल्यात काढू भाजी. दुसऱ्यानं विचारलं, मग वल्हवायचं कशानं? पिण्याच्या पाण्याची एक बादली होती, ती भरली. कढईला पत्ताही लागला नाही. मळेवाला म्हणाला, "मी पोहत जातो, तुह्या बापाले निरोप देतो." म्हणजे बघा, उन्हं कलताना एक उघडाबंब ओला पोट्टा पाण्यातून निघणार आणि माझ्या बापाला सांगणार, तुमच्या पोरीनं निरोप दिला आहे. आत्याला वेगळं काही बोलायची गरजच उरली नसती.

"ओतून देऊ पाण्यात," कुणीतरी हळूच म्हणालं.

  नुकताच दुष्काळ भोगलेला. परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन, सरकारी सुकडीसाठी रांगा लावून आम्ही तिथं आलो होतो. ज्या कामावर आमच्यातल्या कित्येकांच्या आयांनी माती वाहिली, त्याच तलावात भाजी ओतायची? माझं कॉलेज पणाला लागलं होतं, तरी माझ्या तोंडून "ओता" निघेना.

"मग खायची," सर उठून बसत म्हणाले. "खाऊन संपवायची. दुसरा मार्ग नाही."

पत्रावळी वाऱ्यानं केव्हाच पाण्यात गेल्या होत्या. सगळे सरळ कढईभोवतीच बसले. विस्तव ओढून बाजूला केला आणि ज्याला जिथं जागा मिळाली तिथं तो बसला. दोन पंगती करायला गोल कढईला कडा एकच होती. मी बसले, मैत्रीण बसली, सर बसले. सगळ्यांचे हात एकाच भाजीत. पण पोटं आधीच तुडुंब. दोन घासांनंतर जो तो उसासे टाकायला लागला. मैत्रीण म्हणाली, "माय वं, आता वांगं कानातून निघन." भाजी बोटभरही उतरली नव्हती. धरणावरची टोपी इकडून तिकडं फेऱ्या मारू लागली होती.

त्या अख्ख्या बेटावर एकच पोट रिकामं होतं. नाजूक. ते पळसाखाली उभं होतं.

माझा भडका उडाला. "काय पाहून राह्यला तिथून?" मी ओरडले. "तुह्या भाजीपायी माह्यं कालेज जाऊन राह्यलं! पोत्यावर पोतं कोणं ओतलं? बस खाले!"

"माह्यं पोट..."

"पोट गेलं खड्ड्यात! इतके खड्डे खणले, टाक एकात. बस म्हटलं ना!"

तो उभाच राहिला. सगळे त्याच्याकडं पाहत होते. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. काठावर त्याच्या काकाचा मळा दिसत होता आणि काकालाही इकडचं दिसत असणार. मग त्यानं धरणाकडं पाहिलं, माझ्या बापाकडं. मग माझ्याकडं. मी रडत होते, हे मला तेव्हा कळलं. तो आला आणि माझ्या आणि एका काटकुळ्याच्या मध्ये जी जागा होती तिथं मांडी घालून बसला. बाही वर केली. आणि कढईत हात घातला.

काय खाल्लं त्या पोट्ट्यानं! अरे बापरे. इतक्या दिवसांचा उपाशी असल्यासारखा. रोडगा कुस्करायचा, भाजीत बुडवायचा, गट्टम. त्याला पाहून बाकीच्यांनाही चेव आला. टाळ्या सुरू झाल्या. तो हाशहुश करत म्हणाला, "तिखट कोणं टाकलं बे इतकं?" आणि सगळे एका सुरात ओरडले, "तूच!" मी इतकी हसले की मला ठसका लागला. त्यानं आपला तांब्या माझ्यासमोर धरला. रोज डब्यासोबत यायचा तोच तांब्या. मी तोंड लावून प्याले. त्यानं तो परत घेतला आणि तसाच तोंडाला लावला. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी घटकाभर बापालाही विसरले.

शेवटी तळ दिसला. कढईवर पाणी ओतलं, आम्ही ती ढकलत पाण्यात नेली. घासायला वेळ नव्हता. आत तेलाचे ओघळ, बाहेर काजळी. पोती टाकून पहिल्या खेपेची माणसं बसली. आणि कढई रोजच्यापेक्षा कितीतरी खोल गेली, पाणी काठाच्या दोन बोटं खाली. मैत्रीण म्हणाली, "जाईन कुठी भाजी? आपल्या पोटात बसूनच येऊन राह्यली ना!" हसलं की पाणी आत यायचं, म्हणून सरांनी हसायला बंदी केली. अशी बंदी कुणाला पाळता आली आहे?

धरणाजवळ आलो तेव्हा उन्हं कलून गेली होती. भिंतीचे दगड तांबडे झाले होते. बाप पाण्याजवळ उतरून उभा होता. त्याला काय दिसलं असेल याचा मी विचार केला. काळ्या कढईत गोल बसलेली पोरंपोरी, एकाआड एक, गुडघ्याला गुडघा लावून, तोंडाला आणि कपड्यांना पिवळं तेल, आणि मध्ये त्याची लेक. मी उतरले.  सर काहीतरी समजावून सांगू लागले, पण चष्म्याविना ते बापाऐवजी सायकलीशी बोलत होते.

बाप कढईकडं पाहत होता.

"ही या काठच्या मळ्यातली नं?" त्यानं विचारलं.

"हाव."

"याच्यात जेवले तुमी?"

"हाव बा. भांडं नव्हतं, म्हून याच्यात शिजवलं. मंग होडीच राह्यली नाई, म्हून खाऊन संपवा लागली. त्याच्यातच उशीर झाला." मी एका दमात सांगून टाकलं. "याच्यातच हात घालून खाल्लं, सगळ्यांनी."

"मालकाचा तो पुतण्याही?" बापानं मळेवाल्याकडं मान केली.

"तो त माह्याच बाजूले होता. सगळ्यात जास्त त्यानंच हाणली."

बापानं वाकून कढईच्या काठाला हात लावला. लहानपणी त्यानं याच मळ्यावर ऊस वाहिला होता, हे मला त्या दिवशी कळलं. गूळ निघायचा तेव्हा पोरांना ओंजळ धरायला सांगून काकवी वरून सोडत. कढईजवळ यायचं नाही, दुरूनच वास घ्यायचा. त्यानं बोटं काठावरून फिरवली, तेल लागलं, ते धोतराला पुसलं.

"कोणी उठून नाई गेलं?" त्यानं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"उठून जातीन कुठी, बा?" मी म्हणाले. "चारी आंगानं पाणी."

बाप माझ्याकडं पाहत राहिला. मग त्याच्या खांद्याला हिसका बसला. मला वाटलं, आता हात उगारतो. पण तो हसत होता. दगडावर बसला आणि हसला, टोपी काढून तोंडावर धरली आणि हसला, डोळे पुसले आणि पुन्हा हसला. सरांना काय झालं ते कळेना, ते सायकलीकडं पाहून हसले. मळेवाला घमेलं हातात घेऊन पाण्यात उभा होता, त्यालाही हसू आलं.

मग बापानं टोपी झटकून डोक्यावर घातली. माझी पिशवी सायकलीला लावली. 

"सर," तो म्हणाला, "पुढल्या वर्षीही इले घेऊन जाजा. पण शिबिर बेटावरच घ्या. जमिनीवर लोक उठून जातात."